मिरजेचा कारागीर आणि संगणकावरील करार

यूट्यूबवर सतार वाजवून, गाणे शिकवून किंवा वाद्य घडतानाची चित्रफीत दाखवून चार पैसे मिळवणारी तरुण मंडळी आता आपल्या भागातही आहेत. त्यांच्या कानावर अलीकडे एक नवी गोष्ट पडते. कलावंतांनी स्वतःचे क्रिप्टो नाणे काढावे, संगणकावर 'स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट' लिहावे, म्हणजे मधला दलाल जाईल आणि पैसा थेट हातात येईल. यासाठी घरातल्या वडीलधाऱ्यांकडे भांडवल मागितले जाते. ते द्यावे की न द्यावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण देण्यापूर्वी ही चीज बनते कशी आणि फसते कुठे, हे व्यापाऱ्याने माहीत करून घेतले पाहिजे.

मिरजेपुरता हा विषय हवेतला नाही. एकोणिसाव्या शतकात शिकलगार समाजातील फरीदसाहेबांनी येथे तंतुवाद्ये बनवण्यास सुरुवात केली. हत्यारांना धार लावणारे हात तारा जुळवू लागले आणि सतारमेकर हे घराण्यांचे आडनाव झाले. मीरासाहेबांच्या दर्ग्यात चिरविश्रांती घेणाऱ्या उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांमुळे मिरजेचे नाव दूरवर गेले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण मानांकन वाद्याला मिळाले, आवाजाला नाही. आज मोबाईलमधला तानपुरा गायकाच्या खिशात असतो. त्यात कोणा कारागिराने जवारी काढलेल्या खऱ्या तानपुऱ्याचा आवाज भरलेला असला, तरी त्या कारागिराला वाद्याची एकदा आलेली किंमत सोडून पुढे दमडीही मिळत नाही. तो आवाज हजार वेळा विकला गेला तरी हिशोब तोच. स्मार्ट कॉन्ट्रॅक्टची गोष्ट आमच्या कारागिरांना गोड वाटते ती यामुळे, आणि तसे वाटण्यात गैर काही नाही.

आता हे कॉन्ट्रॅक्ट म्हणजे काय ते पाहू. ब्लॉकचेन म्हणजे एक खातेवही. आपल्या पेढीवरची वही मुनीमजीच्या पेटीत असते. या वहीची नक्कल जगभरच्या हजारो संगणकांवर एकाच वेळी असते. एका ठिकाणी खाडाखोड केली तरी बाकीच्या नकला ती मान्य करीत नाहीत. २००९ साली सुरू झालेल्या बिटकॉइनने या वहीत फक्त देणेघेणे लिहिले. २०१५ साली इथेरियम आले आणि वहीत देण्याघेण्याबरोबर अटीही लिहिता येऊ लागल्या. 'अमुक रक्कम आली की तिचे असे वाटप कर' ही अट एकदा लिहिली की यंत्र ती पाळते, कोणाची परवानगी विचारत नाही.

उदाहरण घ्या. एका ध्वनिफितीची किंमत ५०० रुपये आहे आणि वाजवणाऱ्याला ६० टक्के, वाद्य करणाऱ्याला ३० टक्के, ध्वनिमुद्रकाला १० टक्के असे ठरले आहे. गिऱ्हाईकाने पैसे भरताच तेवढ्या मोलाच्या नाण्यांतून ३००, १५० आणि ५० असे वाटे तिघांच्या खात्यांत आपोआप पडतात. महिनाअखेर हिशोब मागायला जावे लागत नाही. उधारी लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, हा सूरे बकराचा हुकूम आम्हा सर्वांना ठाऊक आहे. लिहिण्याची आणि साक्षीची बाजू हे यंत्र चांगली सांभाळते, एवढे श्रेय त्याला दिले पाहिजे.

असा मंच उभारण्यासाठी नवी वही बांधण्याची गरज नसते. तयार वहीवर बसता येते. यातली एक मोठी वही मुंबईत जन्मली. जयंती कनानी, संदीप नैलवाल आणि अनुराग अर्जुन यांनी २०१७ साली 'मॅटिक' सुरू केले, पुढे सर्बियाचे मिहाइलो बिएलिक त्यांना येऊन मिळाले. इथेरियमवर व्यवहार महाग आणि मंद पडत, म्हणून त्याच्या जोडीला स्वस्त रस्ता काढणे हा त्यांचा उद्देश होता. २०२१ साली त्याचे नाव 'पॉलिगॉन' झाले, २०२४ साली नाणेही 'मॅटिक'चे 'पोल' झाले. नवे काम करून पाहण्याच्या त्यांच्या चाचणी-वहीला तर 'मुंबई' असेच नाव होते. ती २०२४ मध्ये बंद होऊन 'अमोय' आली. महाराष्ट्र शासनाने २०२२ साली गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथील सुमारे ६५ हजार जात-दाखले याच पॉलिगॉनवर नोंदवण्याचे काम हाती घेतले. दाखल्यात नाणे विकण्याचा प्रश्न नव्हता, वहीचा मात्र उपयोग होता. हा फरक वाचकांनी ध्यानात ठेवावा.

काम शिकणाऱ्याला सॉलिडिटी नावाची संगणकीय भाषा यावी लागते. कॉन्ट्रॅक्ट आधी चाचणी-वहीवर चालवून पाहतात, तेथील नाण्यांना किंमत नसते. मग जाणत्या माणसाकडून तपासून घेतात आणि शेवटी खऱ्या वहीवर चढवतात. तपासणीत कंजुषी करणे फार महाग पडते, कारण एकदा चढवलेली अट सहसा बदलता येत नाही. जून २०१६ मध्ये 'द डाओ' नावाच्या मंचाच्या कॉन्ट्रॅक्टमधील एका चुकीतून चोराने सुमारे ३६ लाख इथर काढून घेतले. यंत्राने लिहिल्याबरहुकूम काम केले होते. लिहिणेच चुकले होते.

दुसरी अडचण आमच्या धंद्यात जास्त जाणवेल. समजा परदेशातील गिऱ्हाईकाने सतारीची ऑर्डर दिली. फिकहमध्ये याला इस्तिस्ना म्हणतात : वस्तू अजून बनलेली नाही, पण माप, लाकूड, किंमत ठरलेली आहे. पैसे कॉन्ट्रॅक्टमध्ये अडकवून ठेवले आणि वाद्य पोचले की सुटतील असे लिहिले. पण वाद्य पोचले, हे यंत्राला सांगणार कोण? भोपळा वाटेत फुटला, की सुरुवातीपासून तडकलेला होता, हे वहीला दिसत नाही. तेथे माणूसच लागतो, आणि माणूस आला की सचोटीचा जुना प्रश्नही आला. शिवाय निर्यातीचा पैसा बँकेतूनच यावा हे उत्तम. कागदपत्रे पक्की राहतात.

कलावंताच्या कायमच्या हिश्शाबद्दलही मोठी आश्वासने दिली गेली. डिजिटल चित्र किंवा ध्वनिफीत पुन्हा विकली गेली की मूळ कलावंताला टक्केवारी मिळेल, असे २०२१ च्या तेजीत सर्वत्र सांगितले जात होते. ऑगस्ट २०२३ मध्ये ओपनसी या मोठ्या बाजाराने ही टक्केवारी ऐच्छिक करण्याचे जाहीर केले. म्हणजे जो हिस्सा यंत्राचा वाटत होता, तो बऱ्याच अंशी दुकानदाराच्या मर्जीचा निघाला. 'रॅली' नावाच्या मंचावर कलावंत आपापली नाणी काढीत. २०२३ च्या प्रारंभी त्याची वही बंद झाली आणि अनेकांची नाणी तेथेच अडकली.

येथे आम्ही नाणे आणि करार वेगळे करतो. वाटपाचा करार हा कामाचा भाग आहे. नाणे काढून नातेवाईकांना 'भाव वाढेल' म्हणून विकणे हा निराळा धंदा आहे, आणि त्यात घरार व मैसिर, म्हणजे संदिग्धता आणि जुगार, यांचा वास येतो. उलेमांचे एकमत नाही. इजिप्तचे मुफ्ती शौकी अल्लाम यांनी जानेवारी २०१८ मध्ये बिटकॉइनविरुद्ध फतवा दिला, इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने नोव्हेंबर २०२१ मध्ये चलन म्हणून क्रिप्टो हराम ठरवले. तर मलेशियाच्या सिक्युरिटीज कमिशनच्या शरई मंडळाने २०२० मध्ये काही अटींवर अशा व्यवहारांना मोकळीक दिली. ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे, पण विचारताना नाणे कसले, त्यामागे माल कोणता, हे नीट सांगावे. प्रश्न अर्धा सांगितला की उत्तरही अर्धेच मिळते.

पुण्याचे उदाहरण फार जुने नाही. 'गेनबिटकॉइन'चा अमित भारद्वाज याने दरमहा १० टक्के परताव्याचे आमिष दाखवून देशभरातून बिटकॉइन गोळा केले आणि पुढे लोकांना 'एमकॅप' नावाचे स्वतःचेच नाणे देऊ केले. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी त्याला अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये तो मरण पावला. परताव्याचे वचन देऊन बिनपरवाना ठेवी घेणे २०१९ च्या कायद्याने गुन्हा आहे. उत्साही मुलाने चुलत्या-मामांकडून पैसे घेताना हे विसरू नये.

सरकारी बाजूही स्पष्ट हवी. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना यापासून दूर राहण्यास सांगितले होते. ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले. क्रिप्टो गुन्हा नाही, पण ते कायदेशीर चलनही नाही. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आणि वर उपकर लागू झाला, १ जुलै २०२२ पासून ठराविक मर्यादेपलीकडच्या व्यवहारावर १ टक्का कपात. जाचक कलम वेगळेच आहे. एका नाण्यात ४०० रुपये बुडाले आणि दुसऱ्यात ४०० मिळाले, तर आपण म्हणू हिशोब शून्य. खाते म्हणते, ४०० नफा झाला, कर भरा. खरेदीची किंमत सोडून दुसरा खर्चही वजा होत नाही.

मग ज्या घरात भांडवल मागितले जात आहे, त्यांनी काय करावे? आमचे मत असे की मुलाला शिकू द्यावे. चाचणी-वहीवर वाटपाचा करार लिहिण्यास संगणक, वीज आणि वेळ लागतो. नाणी विकत घ्यावी लागत नाहीत. तो करार चालवून दाखवल्यावर त्याच्या अटी साध्या मराठीत कागदावर उतरवाव्यात. वाजवणारा, बनवणारा आणि मुद्रण करणारा अशा तिघांनी सही करावी, आणि पैसे तूर्त यूपीआयने वाटावेत. किल्लीचे बारा शब्द मोबाईलच्या फोटोत ठेवू नयेत, कोणालाही सांगू नयेत. ते गेले की नाणी परत मिळवून देणारी कचेरी नाही. आणि पुढच्या वेळी कोणी ध्वनिमुद्रणासाठी वाद्य मागायला आला, तर भाडे ठरवतानाच आवाजाच्या विक्रीतील हिस्सा किती, हे त्याला विचारावे.