वाळवंटात बाग फुलवायचीय? मग बागकामाचं पुस्तक विकत घेण्याआधी या गोष्टी तपासाच!

नवीन घर घेतलं. मागे छोटंसं अंगण मिळालं. हौसेनं बागकामाचं एक जाडजूड, चकचकीत पुस्तक मागवलं आणि त्यात लिहिलंय तसंच सगळं केलं. मे महिन्यात टोमॅटोची रोपं लावली, मातीत मूठभर चुना मिसळला, रोज संध्याकाळी थोडं थोडं पाणी घातलं. आणि जून संपायच्या आत सगळी रोपं करपून गेली!

मग घरात एकच वाक्य ऐकू येतं, “माझ्या हातची झाडं जगतच नाहीत.”

पण थांबा. दोष बऱ्याचदा हाताचा नसतो. पुस्तकही वाईट नसतं. ते फक्त दुसऱ्याच गावच्या हवेसाठी लिहिलेलं असतं.

वाळवंटी हवेत हा फरक फार महागात पडतो. रोपं जातात, पैसे जातात आणि जिथे पाण्याचा थेंब थेंब मोलाचा, तिथे पाणीही वाया जातं. म्हणूनच पुस्तक कसं निवडायचं ते आज समजून घेऊया. उदाहरण घेऊया अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहराचं. कारण या वाळवंटातल्या बागकामावर भरपूर पुस्तकं लिहिली गेली आहेत आणि नोकरीच्या निमित्ताने तिथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबंही बरीच आहेत.

फिनिक्सची हवा असते तरी कशी?

हे शहर सोनोरन वाळवंटात वसलंय. वर्षभरात पाऊस साधारण २०० मिलिमीटरच्या आत. तोही दोन हप्त्यांत येतो, थोडा हिवाळ्यात आणि थोडा जुलै ते सप्टेंबरच्या वादळी पावसात. हो, तिथेही त्याला ‘मान्सून’च म्हणतात! उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जाणं ही रोजचीच गोष्ट. २०२३ मध्ये तर सलग ३१ दिवस तापमान ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेलं होतं.

आता बघूया, अशा ठिकाणी सर्वसाधारण पुस्तक कुठे कुठे फसतं.

पहिली फसगत : थंडीचा नकाशा

अमेरिकेतल्या बहुतेक बागकामाच्या पुस्तकांत झाडाच्या नावापुढे एक ‘झोन’ दिलेला असतो. हा आकडा तिथल्या कृषी खात्याच्या नकाशावरून घेतात. पण हा नकाशा एकच गोष्ट सांगतो, ती म्हणजे हिवाळ्यात तापमान किती खाली जातं. उन्हाळा किती कडक, पाऊस किती, हवा दमट की कोरडी, याबद्दल तो काहीच बोलत नाही.

परिणाम काय? या नकाशावर फिनिक्स आणि फ्लोरिडातलं ऑर्लँडो जवळपास एकाच पट्ट्यात येतात. ऑर्लँडोत वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे फिनिक्सच्या सहापटीहून जास्त. तिथे आनंदात वाढणारं झाड फिनिक्समध्ये पहिल्याच उन्हाळ्यात मान टाकतं. झोन बरोबर असूनही!

त्यामानाने ‘सनसेट वेस्टर्न गार्डन बुक’ हे पुस्तक खूप कामाचं. त्यात अमेरिकेच्या पश्चिम भागाचे २४ हवामान विभाग केलेत आणि ते करताना उन्हाळा, पाऊस, दमटपणा, वारा हेही लक्षात घेतलंय. त्यात फिनिक्सचा विभाग १३, तर साधारण दोन तासांवरच्या टक्सनचा १२. शेजारच्या दोन शहरांतही फरक केलाय, यावरूनच काय ते समजा.

दुसरी फसगत : कॅलेंडर

थंड प्रदेशातली पुस्तकं सांगतात, कडाक्याची थंडी सरली की मे महिन्यात टोमॅटो लावा. आपल्याकडे महाराष्ट्रात मृगाचा पाऊस झाला की पेरण्या सुरू होतात. फिनिक्समध्ये मात्र हे दोन्ही हिशोब चुकतात.

तिथे टोमॅटोची रोपं फेब्रुवारी-मार्चमध्येच जमिनीत गेली पाहिजेत. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर आणि रात्रही उकाड्याची राहू लागली की टोमॅटोची फुलं फळ न धरताच गळतात. म्हणजे मे-जूनच्या आत फळं हाती यायला हवीत.

याउलट गाजर, मुळा, पालक, लेट्यूस, मटार यांचा हंगाम पावसाळी वादळं सरल्यावर सुरू होतो आणि हिवाळाभर चालतो. भर उन्हाळ्यात तग धरते ती आपली भेंडी!

त्यामुळे पुस्तक हातात घेतलं की आधी लागवडीचा तक्ता उघडा. टोमॅटोपुढे ‘मे’ लिहिलं असेल, तर ते पुस्तक फिनिक्ससाठी नाही.

तिसरी फसगत : माती

इंग्लंडसारख्या पावसाळी देशात माती आम्लधर्मी होण्याची शक्यता जास्त. म्हणून तिथली पुस्तकं चुना किंवा लाकडाची राख घालायला सांगतात. सोनोरन वाळवंटातली माती मुळातच विम्लधर्मी असते, तिचा सामू बऱ्याच ठिकाणी ८ च्या आसपास. त्यात आणखी चुना घातला की झाडाला मातीतलं लोह घेता येत नाही. पानं पिवळी पडतात, फक्त शिरा हिरव्या राहतात.

शिवाय तिथे जमिनीखाली चुनखडीचा दगडासारखा कडक थर सापडतो. त्याला ‘कॅलिची’ म्हणतात. तो फोडला नाही किंवा टाळला नाही, तर मुळांना वाट मिळत नाही आणि पाणी खड्ड्यातच तुंबून राहतं. जे पुस्तक कॅलिचीबद्दल चकार शब्द काढत नाही, त्याच्या लेखकाने या भागात कुदळ मारलेली नाही, असं खुशाल समजा.

चौथी फसगत : पाणी

‘रोज थोडं थोडं पाणी घाला’ हा सल्ला इथे सगळ्यात घातक. पाण्यात विरघळलेले क्षार असतात. वरवर पाणी दिलं की ते उन्हाने उडून जातं आणि क्षार मात्र मुळांपाशी साचतात. मग पानांच्या कडा जळल्यासारख्या दिसतात. आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून आपण पुन्हा तसंच थोडं पाणी घालतो!

ॲरिझोनात शिकवला जाणारा साधा नियम असा आहे. पाणी छोट्या रोपांसाठी एक फूट, झुडपांसाठी दोन फूट आणि मोठ्या झाडांसाठी तीन फूट खोल मुरलं पाहिजे. मगच पुढच्या पाण्याची वेळ ठरवायची. किती खोल मुरलं ते बघायला एक लोखंडी सळई पुरते. ओल्या मातीत ती सहज शिरते, कोरडी माती लागली की अडते.

मग नेमकी कोणती पुस्तकं घ्यायची?

एकाच पुस्तकात सगळं मिळेल ही अपेक्षा सोडा. गरज ओळखा आणि त्याप्रमाणे निवडा.

• भाजीपाला आणि फळझाडं : जॉर्ज ब्रूकबँक यांचं ‘डेझर्ट गार्डनिंग : फ्रूट्स अँड व्हेजिटेबल्स’. लेखकाने ॲरिझोनातच बागायतदारांना सल्ला देण्याचं काम केलेलं असल्यामुळे अडचणी नेमक्या सांगितल्यात.

• शोभेची झाडं आणि त्यांची निगा : मेरी आयरिश यांचं ‘गार्डनिंग इन द डेझर्ट’. त्यांनी फिनिक्सच्या डेझर्ट बोटॅनिकल गार्डनमध्ये काम केलंय.

• स्थानिक झाडांची निवड : ज्युडी मील्की यांचं ‘नेटिव्ह प्लँट्स फॉर साउथवेस्टर्न लँडस्केप्स’.

• पाणी मुरवणं : टक्सनमधल्या ब्रॅड लँकेस्टर यांचं ‘रेनवॉटर हार्वेस्टिंग फॉर ड्रायलँड्स अँड बियाँड’. छपरावर आणि रस्त्यावर पडलेलं पावसाचं पाणी झाडाच्या आळ्यापर्यंत कसं न्यायचं, ते यात कळतं.

आणि पैसे खर्च करण्याआधी एक करा. ॲरिझोना विद्यापीठाच्या कृषी विस्तार विभागाने फिनिक्स परिसरासाठी भाज्यांच्या लागवडीचा महिनावार तक्ता तयार केलाय. तो मोफत मिळतो. आधी तो घ्या आणि दुकानातलं प्रत्येक पुस्तक त्याच्याशी ताडून बघा.

पुस्तक किती जुनं आहे, तेही बघा

जुनं पुस्तक टाकाऊ नसतं, पण काही सल्ले बदललेत. पूर्वी झाड लावताना खोल खड्डा खणून त्यात भरपूर खत आणि आणलेली माती भरायला सांगायचे. आता वाळवंटी झाडांसाठी खड्डा खोल नको, रुंद हवा आणि खणून काढलेलीच माती परत भरावी असं सांगतात. कारण मऊ, सुपीक खड्डा मिळाला की मुळं त्याच्या बाहेर पसरायला तयार होत नाहीत.

‘वाळवंट’ शब्दावरही भुलू नका

कव्हरवर ‘डेझर्ट’ लिहिलंय म्हणजे काम झालं, असं नाही. दुबईचं वाळवंट समुद्रकाठचं. तिथे थोडासा पाऊस पडतो तो मुख्यतः हिवाळ्यात आणि उन्हाळ्याची हवा प्रचंड दमट. लडाखही वाळवंटच, पण गोठवणारं. आपल्या थरमध्ये जवळपास सगळा पाऊस जुलै ते सप्टेंबरमध्ये पडतो. थरसाठी माहिती हवी असेल तर जोधपूरच्या ‘काझरी’ या केंद्रीय संस्थेचं साहित्य शोधा. १९५९ पासून ही संस्था कोरडवाहू प्रदेशावरच काम करतेय. एम. एम. भंडारी यांचं ‘फ्लोरा ऑफ द इंडियन डेझर्ट’ हा थरच्या वनस्पती ओळखण्यासाठी मोलाचा ग्रंथ, पण तो लागवड शिकवत नाही. ओळख करून देणारं पुस्तक आणि लागवड शिकवणारं पुस्तक यांत गल्लत करू नका.

दुकानात उभ्या उभ्या करा ही चाचणी

१. लेखक कुठे बाग करतो? गावाचं नाव शोधा.
२. टोमॅटो कधी लावायला सांगितलाय?
३. शेवटच्या सूचीत कॅलिची, क्षार, शेडनेट, उन्हाने साल भाजणं हे विषय आहेत का?
४. पाणी ‘किती वेळा’ एवढंच सांगितलंय की ‘किती खोल’ हेही?
५. फोटोंतली बाग तुमच्या गल्लीत शोभेल का, की सगळीकडे हिरवीगार लॉनच आहे?

पाचपैकी चार उत्तरं पटली तर पुस्तक घरी आणा. नाही पटली, तर फोटो बघून आनंद घ्या आणि परत ठेवा.

तुमच्या ओळखीत कोणी फिनिक्स, दुबई किंवा जोधपूरमध्ये राहत असेल आणि ‘माझ्या हातची झाडं जगत नाहीत’ म्हणून कुंड्या रिकाम्या करून बसलं असेल, तर त्यांना हा लेख नक्की पाठवा. त्यांच्या हाताला काही झालेलं नाही. आधी त्यांचं पुस्तक तपासा!