दोष बॅटरीचा नसतोच

पाणी उपसायचा पंप कण्हत फिरतो, डोलकाठीवरचा दिवा पिवळा पडतो, स्टार्टर मारला की वायरलेस सेट बंद. ठाणे जिल्ह्यातल्या उत्तनच्या किनाऱ्यावर असो की खाडीच्या आतल्या एखाद्या बंदरात, जुन्या बोटीवर असं काही झालं की पहिला संशय बॅटरीवर जातो. नवी बॅटरी येते, चार दिवस बरे जातात आणि मग पुन्हा तेच रडगाणं.

खरा चोर बहुतेक वेळा वायरीत बसलेला असतो.

भरतीचं खारं पाणी उल्हास नदीतून कल्याणपर्यंत चढतं, त्यामुळे खाडीतल्या होड्याही खाऱ्या हवेतून सुटत नाहीत. हवेतली आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतूनच पाणी ओढून घेतं. कोकणातल्या पावसाळ्यात हवा इतकी दमट असतेच. त्यामुळे बोट किनाऱ्यावर ओढून ठेवली, तरी एकदा मीठ शिरलेला जोड सुकत नाही. बोटीत घरगुती वायर वापरलेली असेल, तर तिच्या बारीक तांब्याच्या तारांमधून हा ओलावा प्लास्टिकच्या आत हळूहळू सरकत जातो. वरून वायर धडधाकट दिसते. सोलून पाहिली की टोकाला हिरवट भुकटी आणि आत काळी पडलेली तार. ओल्या जोडात वीज चालू राहिली, तर प्लसची तार आधी खाल्ली जाते.

हा दोष मल्टिमीटरच्या ‘बीप’ला चकवतो. दहातली एक तार शाबूत असली तरी मीटर वाजतो आणि वायर ठीक आहे असा निर्वाळा मिळतो. म्हणून तपासणी करायची ती पंप चालू ठेवून. मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवायचा. एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं पंपाच्या प्लसवर. वायर चांगली असेल तर आकडा शून्याच्या जवळ राहतो. मग हीच तपासणी मायनसच्या बाजूला. ही बाजू हमखास विसरली जाते.

समजा, बॅटरीवर 12.4 व्होल्ट आहेत आणि पंपाला मिळतात 10.2. प्लसच्या वायरीत 0.3 जातात आणि मायनसच्या बाजूला 1.9. पंप 5 अँपियर ओढत असेल, तर मायनसच्या बाजूचा अडथळा 0.38 ओहम निघतो. इतक्या कमी अडथळ्याला मीटर बिनदिक्कत बीप देतो. पण तिथे साडेनऊ वॅट उष्णता तयार होत असते. सगळा अडथळा एकाच जोडात असेल तर तो हाताला गरम लागतो, टेप वितळते आणि जवळ डिझेलने माखलेला बिल्ज (बोटीचा तळ) असेल तर धोका वेगळा सांगायला नको. पुढचं काम सोपं असतं. बॅटरीवरचं टोक तिथेच ठेवून दुसरं एकेका जोडावर सरकवत न्यायचं. आकडा जिथे उडी मारतो, दोष तिथे.

अमेरिकेतल्या बोटींच्या मानकांनुसार दिशादर्शक दिव्यांसारख्या महत्त्वाच्या उपकरणांसाठी वायरीतली घट 3 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, म्हणजे 12 व्होल्टवर जेमतेम 0.36. आपल्याकडच्या जुन्या बोटींनाही हीच फूटपट्टी लावायला हरकत नाही.

दोष सापडला की पिळलेल्या जोडावर काळी टेप गुंडाळणं म्हणजे आजार झाकणं. काळी पडलेली वायर चकचकीत तांबं लागेपर्यंत कापायची. तशी जागा सापडत नसेल तर अख्खी वायर बदलायची. कथिलाचा मुलामा दिलेली वायर घ्यायची, दाबून बसवलेला लग लावायचा आणि त्यावर आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आकसणारी नळी. नुसत्या डागकामावर भिस्त ठेवू नये: डाग जिथे संपतो तिथे वायर ताठ होते आणि इंजिनाच्या थरथरीने तुटते.

1 जूनपासून यांत्रिक मासेमारीला बंदी लागते आणि बोटी वर ओढल्या जातात. जाळ्यांची आणि रंगाची कामं तेव्हाच निघतात. त्याच यादीत वायरिंग घालावं, आणि बोट पुन्हा पाण्यात उतरवण्याआधी एकेक दिवा, एकेक पंप चालू ठेवून मीटर लावून घ्यावा. नवी बॅटरी घ्यायची की नाही, ते त्यानंतर ठरवावं.