कागदांची पेटी : कुलूपही हवे, कोरडेपणाही हवा

पाड्यावरच्या बहुतेक घरांत एक पत्र्याची पेटी असते. दागिने असोत वा नसोत, कागद तिच्यात असतातच : रेशनकार्ड, आधार, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले, जातीचा दाखला आणि वनहक्काचे प्रमाणपत्र. वनहक्क कायदा २००६ चा. त्यानुसार मिळणारे प्रमाणपत्र पती-पत्नी दोघांच्या नावे असते आणि कसलेल्या जमिनीवरचा त्या घराचा हक्क त्यानेच सिद्ध होतो. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेचा जुना उतारा किंवा महसुली नोंदीची नक्कल एकदा भिजून विरली, तर नातवाला प्रवेश आणि शिष्यवृत्तीसाठी कचेऱ्यांचे खेटे घालावे लागतात.

या पेटीला दोन धोके असतात. जव्हार-मोखाडा भागात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. कुडाच्या भिंती आणि जुनी कौले असलेल्या घरात तो कुठून ना कुठून आत येतोच. दुसरा धोका स्थलांतराचा. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तोवर घर बंद असते, म्हणून पेटीला कुलूप हवे असते. पण कुलपासाठी कडी ठोकायची म्हणजे पत्र्याला भोके पडणार, आणि त्याच भोकांतून पाणी शिरणार. हा पेच सोडवणे अवघड नाही. गावातला पत्रेकाम करणारा कारागीर अर्ध्या दिवसात हे काम करू शकतो.

तीन कामे, तीन वस्तू

पाणी अडवते ती रबराची पट्टी. झाकण त्या पट्टीवर दाबून धरते ती कडी. आणि कडी कोणाला उघडू देत नाही ते कुलूप. या तीन कामांची गल्लत झाली की पेटी गळते. कडी-कोयंड्यात अडकवलेले कुलूप थोडे सैलच राहते. ते झाकण उघडू देत नाही, पण दाबूनही धरत नाही. म्हणून साध्या कडीऐवजी हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी, ओढून खाली दाबायची पकड घ्यावी. तिला टॉगल लॅच म्हणतात. घेताना तिला कुलपासाठी भोक आहे ना, हे पाहावे. पेटी लांब असेल तर दोन टोकांना दोन पकडी लावाव्यात. मध्ये एकच लावली तर कोपऱ्यांत फट राहते.

आधी रबर

साध्या ट्रंकेच्या झाकणाची कड पेटीच्या बाहेरून खाली उतरते. वरून पडणारे पाणी त्यामुळे ओघळून जाते, पण वाऱ्याने उडणारे पाणी आणि बिजागरीकडून झिरपणारे पाणी आत येते. झाकणाच्या आतून, जिथे पेटीची वरची कड टेकते त्या रेषेवर, मऊ रबराची पट्टी चारही बाजूंनी सलग चिकटवावी. सांधा एकच ठेवावा, तो कोपऱ्यात नको आणि तिरपा कापलेला असावा. झाकण बंद केल्यावर पट्टी साधारण चौथा हिस्सा दबली पाहिजे. फार जाड पट्टी घातली तर बिजागरी वाकते आणि पुढची बाजू उचललेली राहते.

भोक कुठे पाडायचे?

रबराच्या रेषेच्या बाहेर पाडलेल्या भोकाने पेटीचा कोरडेपणा बिघडत नाही. झाकणाची खाली उतरलेली कड या रेषेबाहेर येते, म्हणून पकडीचा वरचा भाग तिथे बसवावा. खालचा भाग मात्र पेटीच्या अंगावरच येतो. ते भोक थेट आत उघडते, म्हणून खरी काळजी तिथे घ्यायची.

भोक बोल्टाला घट्ट बसेल इतकेच पाडावे. कडेची धार कानशीने घासून उघड्या पत्र्याला रेड ऑक्साइड लावावे आणि वाळू द्यावे. गुळगुळीत गोल डोक्याचा बोल्ट बाहेरून घालावा आणि नट आतून लावावा. म्हणजे चोराला बाहेरून पिळायला काहीच सापडत नाही. बाहेर खाचेचा स्क्रू असेल तर कुलपाला हात न लावता सगळी कडीच निघून येते. बोल्टाच्या डोक्याखाली सिलिकॉन सीलंट लावावे. आत रबरी वॉशर, त्यावर लोखंडी पट्टी आणि मग नट. पट्टीमुळे पातळ पत्रा ओढाताणीत फाटत नाही. नट आधी बेताचा आवळावा आणि सीलंट एक दिवस वाळल्यावर थोडा आणखी घट्ट करावा. बोल्टाचे आतले टोक कापून घासावे, नाहीतर कागद फाटतात.

सीलंट घेताना वास पाहावा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन उघड्या जस्ती पत्र्याला गंज आणते. दुकानदाराकडे ‘न्यूट्रल’ प्रकारचे मागावे. साधे पॉप रिव्हेट टाळावेत, कारण ते मधून पोकळ असतात आणि त्यांतून पाणी पाझरते. हँडलचे रिव्हेट आणि तळाचा सांधाही याच वेळी सीलंटने बंद करून घ्यावा.

कुलपाची काळजी

पितळी कुलूप पावसाळ्यात टिकते. ते किल्लीचे भोक खाली येईल असे लोंबू द्यावे. आत खाण्याचे तेल घालू नये. ते चिकट होऊन धूळ धरते. पेन्सिलीच्या शिशाची पूड पुरते. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कुलपावर पदरासारखा सोडावा आणि तो पकडीच्याच बोल्टात अडकवावा, म्हणजे नवे भोक लागत नाही. पेटीच उचलून नेली जाऊ नये म्हणून हँडलमधून साखळी घालून ती घराच्या खांबाला बांधावी.

ग्रामसभेच्या वनहक्क समितीचे दप्तर असेल तर दोन पकडींना दोन कुलपे आणि दोघांकडे एकेक किल्ली ही पद्धत चांगली. समितीत किमान एक तृतीयांश महिला असाव्याच लागतात. एक किल्ली त्यांच्यापैकी एकीकडे असावी.

आधी परीक्षा, मग कागद

रात्री पेटीत पेटता टॉर्च ठेवून झाकण लावावे. कुठे उजेडाची रेघ किंवा ठिपका दिसला तर तिथून पाणी येणार. मग आत कोरडे वर्तमानपत्र अंथरून पेटीवर सर्व बाजूंनी दहा-पंधरा मिनिटे पाणी ओतावे, विशेषतः बिजागरी आणि पकडीवर. कागद कोरडा राहिला तरच पेटी पास.

एक गोष्ट मात्र विसरू नये. पाणी आत जात नाही अशा पेटीतून ओलही बाहेर जात नाही. दमट दिवशी बंद केलेली पेटी आतून बुरशी धरते. म्हणून कागद मे महिन्यातल्या कोरड्या दिवशी, सावलीत वाळवून ठेवावेत. सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. प्रत्येक महत्त्वाचा कागद वेगळ्या प्लास्टिक पिशवीत असावा. जुने हस्तलिखित उतारे लॅमिनेट करू नयेत. उष्णतेने ते खराब होतात आणि प्लास्टिक पुन्हा काढता येत नाही. पेटी जमिनीवर न ठेवता विटांवर किंवा फळीवर ठेवावी, म्हणजे वाळवी चढली तर दिसते. आणि सगळ्यांच्या छायाप्रती दुसऱ्या घरी असाव्यातच.

आमचे अनेक वाचक दरवर्षी पाड्यांसाठी पेट्या देऊ इच्छितात. त्यांना एक विनंती. पेटीसोबत दोन पकडी, रबराची पट्टी, वॉशर आणि एक पितळी कुलूप जरूर द्यावे, आणि हे सगळे पाऊस सुरू होण्याआधी पोहोचेल असे पाहावे. नुसती पेटी दिली तर तिच्यावर कडी कोणीतरी ठोकतोच, आणि पहिल्या मोठ्या पावसात त्याच भोकातून पाणी आत जाते.