वाडा गेला, दान उरलं

मी माझगावात वाढलो. ३१ डिसेंबरच्या रात्री बाराच्या ठोक्याला बंदरातल्या साऱ्या बोटी एकदम भोंगे वाजवायच्या आणि आम्ही पोरं गच्चीवर जाऊन ते ऐकायचो. १९९१ साली नोकरीसाठी बंगळूरला आलो. त्या वर्षी रात्री बारा वाजता सवयीनं खिडकी उघडून उभा राहिलो. फटाके वाजले, लांब कुठं गाणी लागली. भोंगा काही आला नाही. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचावरचं हे गाव. समुद्र नाही, मोठी नदी नाही. जग येतं ते बंदरातून, अशी आम्हा मुंबईकरांची पक्की समजूत. मग या कोरड्या पठारावर एवढं जग गोळा झालं कसं, हा प्रश्न त्या रात्रीपासून माझ्यापाशी आहे. त्याचा माग काढत शहरातल्या जुन्या वास्तू आणि संस्था पाहत फिरलो. गंमत अशी, की निम्म्या वाटा फिरून मराठी मुलखाकडं आणि मुंबईकडं येऊन पोचल्या.

पहिली वाट अर्थातच शहाजीराजांची. केंपेगौडानं १५३७ साली वसवलेलं हे गाव १६३८ मध्ये आदिलशाही फौजेनं घेतलं. सेनापती रणदुल्लाखान, सोबत शहाजीराजे. बंगळूर राजांना जहागीर म्हणून मिळालं आणि इथं त्यांचा दरबार भरू लागला. जयराम पिंड्ये नावाचा कवी मराठी मुलखातून या दरबारात आला आणि त्यानं राजांपुढं बारा नारळ ठेवले, हा प्रसंग प्रसिद्ध आहे. बारा नारळ कशाचे? तर त्याला येणाऱ्या बारा भाषांचे. त्याचा ‘राधामाधवविलासचंपू’ इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२२ साली संपादून छापला, म्हणून तो दरबार आज आपल्याला दिसतो. बंगळूर हे अनेक भाषांचं शहर आहे असं आज सगळेच म्हणतात. साडेतीनशे वर्षांपूर्वी इथं एका मराठी सरदारापुढं बारा भाषांचे नारळ मांडले गेले होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

पेठेत राजांचा गौरी महाल होता असं सांगतात. नवा होतो तेव्हा मी चिकपेटच्या गल्ल्यांतून तो शोधत हिंडलो. कापडाच्या दुकानांच्या रांगा, हातगाड्या, हमालांच्या हाका. एका दुकानात म्हाताऱ्या मालकांनी माझं अडखळतं कन्नड ऐकलं आणि मराठीत म्हणाले, “बसा की.” त्यांचं घराणं किती पिढ्यांपासून इथं आहे हे त्यांनाही सांगता येईना. घरात मराठी, दुकानात कन्नड, हिशेब दोन्हींत. महालाचं विचारलं तर त्यांनी नुसते हात पसरले. सभोवतीच्या दुकानांखाली कुठंतरी असेल, नाहीतर नसेलही.

महाल गेला तशी जहागीरही गेली, आणि तिच्या जाण्याची हकीगत सांगण्यासारखी आहे. शहाजीराजे १६६४ मध्ये होदिगेरे इथं शिकारीत घोड्यावरून पडून वारले. बंगळूर धाकट्या व्यंकोजीराजांकडं आलं. पुढं त्यांनी तंजावरला राज्य मांडलं. दक्षिण दिग्विजयानंतर शिवाजी महाराजांनी भावाशी तह केला तेव्हा बंगळूर, होसकोटे हा मुलूख व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी दिला. भावजयीचा मान राखणारा हा शब्द तहाच्या कलमात वाचताना मन भरून येतं. पण १६८७ साली मोगलांच्या कासिमखानानं ठाणं घेतलं आणि ते तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांच्या हाती गेलं. पन्नास वर्षांची सत्ता एका सौद्यात संपली.

मग उरलं काय? ते बघायला मल्लेश्वरमला जावं लागतं. तिथल्या काडु मल्लेश्वराचं देऊळ मी इतक्या वेळा पाहिलं आहे, की त्याच्या पायऱ्यांची झीजही ओळखीची झाली आहे. काडु म्हणजे रान. रानातल्या या देवाशी व्यंकोजीराजांचं नाव जोडलेलं आहे. १६६९ सालच्या शिलालेखात, मल्लपुराच्या मल्लिकार्जुनाला व्यंकोजींनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दान दिल्याची नोंद आहे. त्याच देवाच्या नावावरून पुढं अख्ख्या वस्तीला मल्लेश्वरम म्हणू लागले. समोरच्या बाजूला नंदीतीर्थ आहे: पायऱ्यापायऱ्यांचं दगडी कुंड, वर दक्षिणेकडं तोंड करून बसलेला नंदी, आणि त्याच्या मुखातून खालच्या पिंडीवर अखंड पडणारी बारीक धार. १९९७ पर्यंत हे सारं मातीखाली होतं. मी इथं आल्यावर सहा वर्षांनी ते उकरून काढलं गेलं. माती काढली आणि नंदी दिसला, धार पडू लागली. ज्या घराण्याचा वाडा सापडत नाही, त्यानं हात लावलेलं देऊळ इतकं जागतं आहे, हे त्या पायऱ्यांवर बसूनच माझ्या लक्षात आलं. पुढचा सगळा माग मी याच नजरेनं काढला.

दुसरी वाट मुंबईच्या बंदरातून आली, आणि ती मरण घेऊन आली. १८९६ साली मुंबईत मांडवीच्या धक्क्यालगतच्या वस्तीत प्लेग फुटला. दोन वर्षांत, ऑगस्ट १८९८ मध्ये, तो आगगाडीच्या वाटेनं बंगळूरला पोचला. दाटीवाटीच्या पेठेत माणसं पटापट मेली. शहराबाहेर मोकळ्या वस्त्या वसवण्याच्या कामाला त्यानंतर वेग आला आणि उत्तरेला मल्लेश्वरम, दक्षिणेला बसवनगुडी उभी राहिली. सरळ रस्ते, त्यांना काटकोनात छेदणारे ‘क्रॉस’, घरांमधून खेळती हवा. आज या दोन वस्त्यांतली झाडांची सावली बघून लोक हरखतात. ती सावली त्या भयातून लावलेली आहे.

त्याच १८९८ साली, प्लेगनं पोखरलेल्या मुंबईत, जमशेटजी टाटा एका विज्ञानसंस्थेचा आराखडा घेऊन बसले होते. त्यांनी तिच्यासाठी मुंबईतल्या आपल्या इमारती आणि जमिनी देऊ केल्या. त्यांची किंमत तेव्हा तीस लाख रुपये धरली होती. संस्था कुठं काढायची यावर बराच खल झाला. रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्से देश फिरून गेले आणि त्यांनी बंगळूरला कौल दिला. म्हैसूर संस्थानानं ३७१ एकर जमीन दिली. जमशेटजी १९०४ मध्ये गेले. संस्था १९०९ मध्ये अस्तित्वात आली. त्यांना तिची एक वीटही पाहायला मिळाली नाही. तिची मुख्य इमारत, तो करड्या दगडाचा उंच मनोरा, आखून दिली मुंबईच्या सी. एफ. स्टीव्हन्स यांच्या कंपनीनं. बोरीबंदरचं स्टेशन बांधणारे एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स हे त्यांचे वडील. मुंबईहून आलेला मी त्या मनोऱ्यापुढं पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा उगाच ओळखीचं वाटलं होतं. कारण कळायला काही वर्षं गेली.

भारतीय विज्ञान संस्था हे तिचं अधिकृत नाव. बसचा कंडक्टर आणि रिक्षावाला मात्र अजून ‘टाटा इन्स्टिट्यूट’च म्हणतो. देणाऱ्याचं नाव लोकांनी शंभर वर्षं असं तोंडात जपलं आहे.

या संस्थेच्या दारात एका मराठी मुलीनं जे केलं, ते प्रत्येक मराठी घरात सांगितलं गेलं पाहिजे. कमला भागवत, म्हणजे दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघंही रसायनशास्त्रज्ञ, दोघंही याच संस्थेत शिकलेले. कमलाबाई मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिल्या आल्या आणि १९३३ साली त्यांनी इथं अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन. मुलगी आहे म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. वडिलांनी विनवलं, उपयोग झाला नाही. कमलाबाई स्वतः बंगळूरला आल्या, रामन यांच्यापुढं उभ्या राहिल्या आणि नकाराचं कारण मागितलं. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नोंद नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री-अपरात्रीही काम करायचं, आणि आपल्यामुळं प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडू द्यायचं नाही. त्यांनी अटी मान्य केल्या, पण तो अपमान त्या कधी विसरल्या नाहीत. म्हातारपणीही त्यांनी तो जाहीरपणे बोलून दाखवला.

श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दुधातल्या आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम केलं. वर्षभरानं रामन यांची खात्री पटली आणि त्यांनी मुलींसाठी दार उघडलं. १९३६ मध्ये एम.एस्सी., १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मुंबईला परतल्यावर, कमला सोहोनी या नावानं, त्यांनी नीरेच्या पौष्टिकतेवर संशोधन केलं आणि पुढं मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या त्या पहिल्या महिला संचालक झाल्या. या संस्थेच्या आवारातून सायकलवरून जाणाऱ्या मुली दिसल्या, की मला दर वेळी कमलाबाई आठवतात. टाटांनी संपत्ती दिली, म्हैसूरनं जमीन दिली. या मुलींची वाट कमलाबाईंनी दिली.

मुंबईनं दिलं ते बंगळूरनं फेडलंही. १९३९ साली होमी भाभा इंग्लंडहून सुट्टीवर आले, युद्ध पेटलं आणि ते परत जाऊ शकले नाहीत. याच विज्ञान संस्थेत, रामन यांच्या विभागात, त्यांना जागा मिळाली. जून १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं काम सुरू झालं ते याच आवारात. वर्ष सरता सरता ती मुंबईला गेली. आज कुलाब्याला समुद्राकाठी उभ्या असलेल्या त्या संस्थेचा जन्म समुद्र नसलेल्या गावातला आहे. पुढं तिचंच जीवशास्त्राचं राष्ट्रीय केंद्र बंगळूरला निघालं. माहेरवाशिणीची ओटी भरून यावी तसं.

शेवटची वाट सोलापूरच्या वालचंद हिराचंदांची. हा माणूस मुळात बोटींचा. ५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली, ती त्यांच्याच हिमतीवर. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी विमानांचा कारखाना काढायचं ठरवलं. जागा हवी होती समुद्रापासून लांब, शत्रूच्या पल्ल्याबाहेर. दिवाण मिर्झा इस्माईल यांनी म्हैसूर संस्थानातर्फे जमीन दिली, पंचवीस लाख रुपये घातले, आणि डिसेंबर १९४० मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी बंगळूरला नोंदली गेली. पुढच्याच वर्षी वालचंदांनी विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या गोदीचा पाया घातला. एप्रिल १९४२ मध्ये सरकारनं विमान कारखान्यातला त्यांचा हिस्सा विकत घेतला, आणि त्याच महिन्यात जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बाँब टाकले. बंगळूरची निवड किती दूरदृष्टीची होती हे त्या एका महिन्यानं दाखवून दिलं. वालचंदांच्या हातातून कारखाना गेला. देशाच्या हातात राहिला.

त्याच कारखान्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपूचे डॉ. विष्णू माधव घाटगे आले. जर्मनीत ग्योटिंगेनला प्रांट्ल यांच्याकडं शिकलेला हा माणूस. त्यांनी आखलेलं एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचं विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडालं. पुढं हवाई दलाच्या कितीतरी तरुणांचे पहिले धडे त्यातच झाले. घाना देशानंही ही विमानं घेतली. बंगळूरला आज विमानांचं शहर म्हणतात, त्यात घाटग्यांचं नाव क्वचित निघतं. महाराष्ट्रातही निघत नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

त्यानंतरचं सगळ्यांना माहीत आहे. १९४५ साली अमळनेरात वनस्पती तुपापासून सुरू झालेली विप्रो आणि १९८१ साली पुण्यात नोंदलेली इन्फोसिस, दोघींनी आपलं मुख्य घर बंगळूरला केलं. त्यांच्या काचेच्या इमारती मोठ्या आहेत. त्यांच्या मागोमाग माझ्यासारखे हजारो मराठी लोकही आले, रहदारीत अडकले, तळी आटताना बघत राहिले, आणि तरी इथलेच झाले.

महाराष्ट्रातून पाहुणे येतात. “शहाजीराजांचा वाडा दाखवा,” असं हमखास म्हणतात. मी त्यांना सकाळी काडु मल्लेश्वराला नेतो. नंदीच्या धारेखाली हात धरायला लावतो आणि मेदरनिंगनहळ्ळीच्या दानाची गोष्ट सांगतो. तिथून टाटा इन्स्टिट्यूट जवळच आहे. मनोऱ्यापुढं जमशेटजींचा पुतळा दाखवतो आणि कमलाबाईंबद्दल बोलतो. मग जुन्या विमानतळ रस्त्यावर विमानांच्या संग्रहालयात, घाटग्यांसाठी. गेल्या खेपेला कोल्हापूरचे एक निवृत्त मास्तर बरोबर होते. संग्रहालयाच्या अंगणात ते बराच वेळ गप्प उभे होते. मग म्हणाले, “हसूरचंपू आमच्यापासून किती जवळ, आणि मी शाळेत कधी सांगितलं नाही पोरांना.” परत गेल्यावर त्यांनी फोन केला: गावच्या शाळेत जाऊन घाटग्यांवर बोलून आले होते.

भोंग्याची आठवण मला अजून येते. पण आता ३१ डिसेंबरच्या रात्री मी खिडकीशी उभा राहत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मल्लेश्वरमला जातो. गर्दी व्हायच्या आधी नंदीतीर्थाच्या पायऱ्यांवर बसलं की पाण्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो.