शेजारी बदलता येत नाही: फिनलंडने काय केलं?

युक्रेनवरच्या भागानंतर एक प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला. शेजारी एवढा मोठा असेल, तर छोट्या देशाने करायचं तरी काय? याचं पुस्तकी उत्तर देण्यापेक्षा मी तुम्हाला एका देशाची गोष्ट सांगतो.

देश आहे फिनलंड. लोकसंख्या साधारण 56 लाख, म्हणजे एकट्या मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. आणि रशियाला लागून असलेली सीमा सुमारे 1,340 किलोमीटर. मुंबई ते दिल्ली रेल्वेने जेवढं अंतर आहे ना, जवळपास तेवढी!

30 नोव्हेंबर 1939 ला सोव्हिएत फौजा या सीमेवरून आत घुसल्या. फिनलंड तटस्थ होता, पण तटस्थ असणं कामाला आलं नाही. जगाने सहानुभूती भरपूर दाखवली, लढायला सैन्य मात्र कोणी पाठवलं नाही. तरी स्कीवरून फिरणाऱ्या, पांढऱ्या कपड्यांतल्या फिनिश तुकड्यांनी बर्फात 105 दिवस झुंज दिली. सुमारे 25 हजार फिनिश सैनिक गेले. सोव्हिएत बाजूचे मृत सव्वा लाखाच्या आसपास होते.

मग फिनलंड जिंकला का? नाही. मार्च 1940 च्या तहात देशाचा जवळपास दहावा हिस्सा गेला आणि चार लाखांवर लोकांना घरदार सोडावं लागलं. पुढे 1941 मध्ये फिनलंड जर्मनीच्या बाजूने पुन्हा लढला, पुन्हा हरला आणि नुकसानभरपाईही भरत बसला. पण एक गोष्ट लक्षात घ्या. देश ताब्यात गेला नाही. हा घास गिळायला महाग आहे, एवढं मॉस्कोला कळलं होतं.

आता दुसरा टप्पा. 1948 मध्ये फिनलंडने सोव्हिएत युनियनशी मैत्रीचा करार केला. पासिकिव्ही आणि नंतर केक्कोनेन या राष्ट्राध्यक्षांचं धोरण सरळ होतं: आमच्या भूमीवरून तुमच्यावर हल्ला होणार नाही याची खात्री आम्ही देतो, तुम्ही आम्हाला आमच्या पद्धतीने जगू द्या. निवडणुका, बाजारपेठ, न्यायालयं सगळं टिकलं.

फुकटात नाही हं. शेजारी नाराज होईल म्हणून लोक स्वतःच तोंड आवरायला लागले. सोल्झेनित्सिनचं 'गुलाग आर्किपेलागो' छापायचं तिथल्या प्रकाशकाने टाळलं आणि फिनिश भाषेतला पहिला भाग स्वीडनमधून काढावा लागला. शेजाऱ्याच्या धाकाने अशी जीभ आवरण्याला 'फिनलंडायझेशन' असं नावच पडलं. मला वाटतं, या गोष्टीतला सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे. देश वाचवण्यासाठी किती गप्प बसायचं?

पण तोंडाने गोड बोलताना हात रिकामे ठेवले नाहीत. पुरुषांना लष्करी प्रशिक्षण आजही सक्तीचं आहे, 165 ते 347 दिवसांचं. शस्त्र नको असेल तर नागरी सेवा करता येते. महिला स्वेच्छेने येऊ शकतात. त्यामुळे शांततेत फौज छोटी, पण गरज पडली तर साधारण 2 लाख 80 हजार जण उभे राहू शकतात. काल ऑफिसात बसलेला माणूस उद्या आपल्या तुकडीत.

आणि माझा आवडता भाग म्हणजे तळघरं! ठरावीक आकारापेक्षा मोठी इमारत बांधायची असेल, तर बॉम्बपासून वाचवणारा निवारा कायद्याने बांधावाच लागतो. देशभरात असे सुमारे 50,500 निवारे आहेत आणि त्यांत 48 लाख लोक मावतील. एरवी तिथे पोहण्याचे तलाव, मुलांची खेळायची जागा, सोसायटीचं अडगळीचं सामान असतं. नियम एवढाच, की 72 तासांत ती जागा वापरासाठी तयार झाली पाहिजे.

मग फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर मोठा हल्ला केला आणि फिनलंडचा हिशेब बदलला. एकटं पडलं की काय होतं, हे 1939 मध्ये भोगून झालं होतं. 4 एप्रिल 2023 ला फिनलंड नाटोचा 31 वा सदस्य झाला. एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला, ही त्यामागची हमी. तिथेही किंमत आहेच. संबंध बिघडले आणि 2023 च्या शेवटी फिनलंडने रशियाकडची रस्त्यावरची नाकी बंद केली. ज्यांचे आईवडील पलीकडे राहतात, त्यांच्यासाठी तो जवळचा रस्ताही बंद झाला.

तर मंडळी, माझं उत्तर असं. छोटा देश मोठ्याला हरवू शकेलच असं नाही, पण हल्ला परवडणार नाही अशी वेळ आणू शकतो. त्यासाठी उगाच डिवचायचं नाही, तयारी सोडायची नाही आणि शक्यतो एकटं राहायचं नाही. करार बदलत राहिले, पण तळघरं मैत्रीच्या काळातही बांधली जात होती.

तुम्हाला काय वाटतं? केक्कोनेन शहाणे होते की जरा जास्तच नमले? मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!