बोटीवर चढताना लस: अट कोणाची आणि कशासाठी?

‘सेलिब्रिटी मिलेनियम’ ही क्रूझ ५ जून २०२१ रोजी कॅरिबियनमधल्या सेंट मार्टेन बेटावरून निघाली. सव्वा वर्ष बंदरात रुतून बसलेल्या या धंद्याचं त्या भागातलं हे पुनरागमन होतं, त्यामुळे अटी कडक होत्या. प्रौढ प्रवाशांना लशीचं पूर्ण प्रमाणपत्र हवं, वर निघण्याआधी ७२ तासांतली निगेटिव्ह चाचणीही हवी. क्रूही सगळा लस घेतलेला. सफर संपत आली तेव्हा परतीसाठी लागणारी चाचणी बोटीवरच झाली आणि एकाच केबिनमधले दोघे पॉझिटिव्ह निघाले. त्रास दोघांनाही काही नव्हता. चाचणी झाली नसती तर त्यांना स्वतःलाही कळलं नसतं.

जगभर बातमी गेली ती एवढीच: सगळ्यांनी लस घेतलेल्या बोटीवरही कोरोना. मग आपल्याकडच्या व्हॉट्सॲप गटांवर ठरलेला प्रश्न आला, की मग लशीचा उपयोग काय? क्रूझ पुन्हा सुरू झाल्यापासून लशीच्या अटींबद्दल जे गैरसमज पसरले, त्यांतले बरेच आजही टिकून आहेत. मुंबईहून किंवा सिंगापूरहून क्रूझ ठरवणाऱ्या मंडळींच्या बोलण्यात ते हमखास येतात.

‘लस होती तरी कोरोना झाला, म्हणजे अट फुकटच’

ही अट मुळात कशासाठी होती, हे बोटीवरचा दवाखाना पाहिला की समजतं. चार-पाच हजार माणसांची बोट असली तरी तिच्यावर डॉक्टर मोजके, परिचारिका मोजक्या आणि अतिदक्षतेच्या खाटा हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला सावरून पुढच्या बंदरापर्यंत न्यायचं, या हिशेबाने ती सोय असते. एकाच आठवड्यात वीस जणांना ऑक्सिजन लागला तर तो दवाखाना कोलमडतो, आणि जमीन एक-दोन दिवसांच्या अंतरावर असते.

जमीन जवळ असली तरी ती घेईलच असं नाही, हे मार्च २०२० मध्ये ‘झानदाम’ या क्रूझवरच्या लोकांनी भोगलं. बोटीवर लोक आजारी पडत होते आणि दक्षिण अमेरिकेतली बंदरं एकामागून एक दारं लावून घेत होती. पनामा कालवा पार करून २ एप्रिलला फ्लोरिडात धक्का मिळाला, तोवर बोटीवर चौघांचा मृत्यू झाला होता. त्याआधी फेब्रुवारीत योकोहामाच्या धक्क्यावर ‘डायमंड प्रिन्सेस’ अडकली होती. ३,७११ जणांपैकी ७१२ बाधित झाले, म्हणजे दर पाचांत जवळपास एक. त्या बोटीवर १३८ भारतीय होते आणि त्यांतले सहा सोडले तर बाकी सगळे क्रू. कोकणात आणि गोव्यात ‘पोरगा बोटीवर आहे’ एवढं म्हटलं की पुढचं सगळं समजतं. त्या फेब्रुवारीत अशा घरांमध्ये फोन हातातून खाली ठेवला जात नव्हता.

आता ऑगस्ट २०२१ मधली ‘कार्निव्हल व्हिस्टा’ पाहा. टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनहून निघालेली ही बोट बेलीझला पोहोचली तेव्हा २७ जण बाधित होते, त्यांतले २६ क्रू आणि एक प्रवासी. बोटीवर चार हजारांहून जास्त माणसं होती, बहुतेक सगळ्यांनी लस घेतलेली आणि डेल्टाची लाट ऐन भरात. त्या एका प्रवाशाला बेलीझमध्ये रुग्णालयात हलवावं लागलं आणि पुढे त्या प्रवाशाचा मृत्यू झाला. लस म्हणजे अभय नव्हे, हे या मृत्यूने दाखवलं. पण ७१२ आणि २७ हे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. दोन्ही बोटींची तुलना काटेकोर नाही, कारण मधल्या काळात चाचण्या, मास्क, विलगीकरण हे सगळंच बदललं होतं. तरीही प्रवाहाची दिशा कळते. दवाखान्याला पेलेल इतपतच आजारपण बोटीवर राहावं, एवढाच लशीच्या अटीचा मतलब होता.

‘डोस घेतला त्या दिवसापासून आपण मोकळे’

हा गैरसमज प्रवाशांना होताच, पण कंपन्यांच्या वेळापत्रकांनाही महागात पडला. रॉयल कॅरिबियनची कोरी करकरीत ‘ओडिसी ऑफ द सीज’ ३ जुलै २०२१ रोजी फोर्ट लॉडरडेलहून पहिल्या सफरीवर निघणार होती. बोटीवरच्या १,४०० क्रूला ४ जूनला लस दिली गेली. पूर्ण लसीकरण झालेले म्हणून त्यांची गणना १८ जूनपासून व्हायची होती, कारण शेवटच्या डोसनंतर १४ दिवस हा नियम. या चौदा दिवसांच्या फटीतच नेहमीच्या चाचणीत आठ जण पॉझिटिव्ह निघाले. सहा जणांना लक्षणंच नव्हती, दोघांना किरकोळ. पण पहिली सफर ३१ जुलैवर ढकलावी लागली.

आपल्याकडे या फटीचं गणित आणखी अवघड होतं. १३ मे २०२१ रोजी कोविशिल्डच्या दोन डोसांमधलं अंतर १२ ते १६ आठवडे झालं आणि बोटीवर जॉइन व्हायची तारीख हातात असलेल्या तरुणांच्या पोटात गोळा आला. ७ जूनला केंद्राने नवी कार्यपद्धती काढली. परदेशी शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्यांना आणि ऑलिंपिकच्या चमूला २८ दिवसांनी दुसरा डोस मिळू लागला आणि प्रमाणपत्र पासपोर्टला जोडायची सोय झाली. त्यानंतरही १४ दिवस मोजायचेच होते.

‘अमेरिकन सरकारने सगळ्यांना लस सक्तीची केली’

केली नाही. हा सगळा मामला जरा सविस्तर सांगण्याजोगा आहे, कारण इतकी गुंतागुंत दुसऱ्या कुठल्या प्रवासाच्या वाट्याला आली नसेल.

अमेरिकेची सीडीसी, म्हणजे रोगनियंत्रण केंद्रं, हिने १४ मार्च २०२० पासून क्रूझ थांबवल्या आणि ३० ऑक्टोबर २०२० रोजी अटींसह परवानगीचा आराखडा काढला. पुढे एप्रिल २०२१ मध्ये तिने कंपन्यांपुढे दोन वाटा ठेवल्या. क्रूपैकी ९८ टक्के आणि प्रवाशांपैकी ९५ टक्के पूर्ण लस घेतलेले असतील तर थेट सफर सुरू करा. ते जमत नसेल तर आधी स्वयंसेवक घेऊन चाचणी सफर करून दाखवा. ‘फ्रीडम ऑफ द सीज’ने दुसरी वाट धरली. २० जूनला ती मायामीहून निघाली ती कंपनीच्याच कर्मचाऱ्यांना प्रवासी बनवून. सहा दिवसांनी ‘सेलिब्रिटी एज’ पहिल्या वाटेने पैसे भरलेले प्रवासी घेऊन फोर्ट लॉडरडेलहून निघाली. तिच्या कप्तान होत्या केट मॅक्यू, मोठ्या क्रूझची सूत्रं हाती घेणाऱ्या पहिल्या अमेरिकन महिला.

९५ टक्के का, पुरे १०० का नाहीत? तेव्हा बारा वर्षांखालच्या मुलांना अमेरिकेत लसच उपलब्ध नव्हती. उरलेले पाच टक्के मुख्यतः त्यांच्यासाठी. आपल्याकडे तर १५ ते १८ वयोगटाची लस ३ जानेवारी २०२२ ला सुरू झाली आणि १२ ते १४ ची १६ मार्चला. तोवर ‘मुलांचं काय?’ या प्रश्नाला प्रत्येक कंपनीचं उत्तर निराळं होतं.

मग राजकारण मध्ये आलं. क्रूझचं माहेरघर असलेल्या फ्लोरिडाचे गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी ३ मे २०२१ रोजी कायद्यावर सही केली: कुठल्याही व्यावसायिकाने ग्राहकाकडे लशीचा पुरावा मागायचा नाही, मागितला तर दर वेळी ५ हजार डॉलरपर्यंत दंड. म्हणजे वॉशिंग्टन म्हणतं लस घेतलेले प्रवासी मोजा, आणि फ्लोरिडाची राजधानी तालाहासी म्हणतं विचारायचंच नाही! फ्लोरिडाने सीडीसीला कोर्टात खेचलं आणि जुलैअखेर त्या राज्यापुरता सीडीसीचा आदेश नुसत्या सल्ल्यावर येऊन थांबला. उलट बाजूने ‘नॉर्वेजियन’ या क्रूझ कंपनीने फ्लोरिडालाच कोर्टात खेचलं. ८ ऑगस्टला न्यायाधीश कॅथलीन विल्यम्स यांनी कंपनीच्या बाजूने तात्पुरता मनाई हुकूम दिला आणि आठवड्याभरात ‘नॉर्वेजियन जेम’ मायामीहून सगळ्या प्रवाशांचं प्रमाणपत्र तपासून निघाली. वरच्या न्यायालयाने हा हुकूम ऑक्टोबर २०२२ मध्ये उलटवला खरा, पण त्याच महिन्यात कंपनीने आपणहून लशीची अट काढून टाकली होती. वकिलांची फी तेवढी खरी.

ज्या कंपन्यांनी फ्लोरिडाचा कायदा मानला, त्यांनी वेगळी युक्ती केली. लशीबद्दल सक्ती नाही, पण पुरावा दाखवला नाहीत तर जास्तीच्या चाचण्या स्वतःच्या खर्चाने करा, उपचार आणि विलगीकरणाचा खर्च भागेल असा विमा काढा आणि बोटीवरच्या काही जागी जाऊ नका. सक्तीचा शब्द टाळून सक्ती कशी करावी, याचा हा नमुनाच म्हणायचा.

‘कंपनीला चालतं म्हणजे सगळीकडे चालतं’

हा गैरसमज मला सगळ्यांत घातक वाटतो, कारण तो आजही लागू पडतो. बहुतेक मोठ्या क्रूझवर झेंडा बहामा, पनामा किंवा माल्टाचा, कंपनी अमेरिकन, निघण्याचं बंदर एका देशात आणि मुक्काम चार देशांत. यांतला कोणीही आपला नियम लावू शकतो. फ्लोरिडात कंपन्या लशीवरून घासाघीस करत असतानाच बहामाने जाहीर केलं, की ३ सप्टेंबर २०२१ पासून बारा वर्षांवरच्या प्रत्येक प्रवाशाने लस घेतलेली असेल तरच बोट आमच्या बंदरात येईल, कंपन्यांच्या खासगी बेटांवरसुद्धा. फ्लोरिडाहून निघणाऱ्या बहुतेक छोट्या सफरी बहामालाच जातात. जे काम अमेरिकेतल्या कोर्टांना जमलं नाही ते एका छोट्या द्वीपराष्ट्राने एका आदेशात केलं.

लशीच्या प्रकाराचंही तेच. कोविशिल्ड परदेशात चालत नव्हती असं अजून ऐकू येतं. पुण्याच्या सीरमची ही लस जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत १५ फेब्रुवारी २०२१ पासून होती आणि अमेरिकन क्रूझच्या नियमांत या यादीतल्या लशी धरल्या जात. घोळ युरोपात झाला. १ जुलैला तिथे डिजिटल प्रमाणपत्र सुरू झालं तेव्हा युरोपीय औषध संस्थेच्या मान्यतेत कोविशिल्ड नव्हती, म्हणून एकेका देशाने आपापला निर्णय घेतला. कोव्हॅक्सिनवाल्यांची कुचंबणा मात्र खरी होती. तिला संघटनेची मान्यता ३ नोव्हेंबर २०२१ ला मिळाली आणि तोवर तिचे दोन डोस घेतलेला माणूस अनेक ठिकाणी कागदोपत्री बिनलशीचा होता. दोन वेगळ्या लशींचे डोस घेतलेले कॅनडातले प्रवासीही असेच अडकले. त्यांच्या सरकारने मिश्र डोस दिले आणि काही क्रूझ कंपन्या ते मानेनात.

आपल्या दारातलं उदाहरण जानेवारी २०२२ चं. नववर्षासाठी मुंबईहून गोव्याला गेलेल्या कॉर्डेलिया क्रूझवर क्रूमधला एक जण पॉझिटिव्ह निघाला. सुमारे दोन हजार जणांची चाचणी झाली, त्यांत ६६ बाधित आढळले. गोवा सरकारने मुरगावला प्रवाशांना सरसकट उतरू दिलं नाही, आणि शेवटी बोट मुंबईला परतली. मुंबईत तिकीट काढलं म्हणजे गोव्यात उतरता येईलच असं नाही, हे तेव्हा दोन हजार जणांना कळलं.

‘आता कुठलीच लस लागत नाही’

कोरोनाची म्हणाल तर बहुतेक खरं. सीडीसीचा क्रूझसाठीचा कोरोना कार्यक्रम १८ जुलै २०२२ ला बंद झाला आणि त्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मोठ्या कंपन्यांनी बहुतेक मार्गांवरची सक्ती उठवली. क्रूझवर आज जास्त गाजतो तो नोरोव्हायरस, उलट्या-जुलाबांचा. त्यावर अजून मान्यताप्राप्त लस नाही आणि जेवणाच्या हॉलबाहेर ठेवलेलं सॅनिटायझर त्याच्यापुढे फारसं चालत नाही. साबणाने हात धुवावे लागतात.

पण एक जुनी अट जशीच्या तशी उभी आहे आणि भारतीय पासपोर्टवाल्यांना तीच नडते: पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची. ब्राझीलचं रिओ, कोलंबियाचं कार्ताहेना, केनियाचं मोम्बासा अशी बंदरं सफरीत असतील तर परतीच्या विमानतळावर आपलंच सरकार या लशीचं पिवळं कार्ड मागतं. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतं. कोरोनाची लस घेतली आहे, हे उत्तर तिथे चालत नाही. भारतात हा आजार नाही, पण तो पसरवणारा डास घरोघरी आहे, म्हणून ही कडक तपासणी.

ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही. सरकारने नेमलेल्या केंद्रांतच मिळते, आणि मुंबईच्या बंदर आरोग्य कार्यालयाची ओळख तर खलाशांच्या पिढ्यान्‌पिढ्यांना आहे. डोस एकच. कार्ड दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरलं जातं, त्यामुळे निघायच्या आठवड्यात धावाधाव करून उपयोग नाही. दर दहा वर्षांनी पुन्हा टोचून घ्यावं लागतं हा समज ११ जुलै २०१६ पासून जुना झाला. त्या तारखेपासून कार्ड आयुष्यभर चालतं, आधी काढलेलंसुद्धा. साठी उलटलेल्यांनी, आणि क्रूझला जाणाऱ्यांत तेच जास्त, केंद्रावर जाण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं, कारण ही जिवंत विषाणूची लस आहे आणि या वयात पहिल्यांदा घेताना दुष्परिणामांचा धोका थोडा वाढतो. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल तर तेही आधीच सांगावं. आणि कार्डावरचं नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहून घ्यावं, वडिलांच्या नावासकट.