बांधावरची कळलावी पावसाळ्यातच ओळखून ठेवा

२०१९ च्या मे महिन्यातली गोष्ट. रायगड जिल्ह्यातल्या एका गावी भातखाचरांचे बांध पाहायला गेलो होतो. बांध दुरुस्त करताना कुदळीखाली पाच-सहा कंद आले होते आणि घरच्या आजींनी ते धुऊन टोपलीत ठेवले होते. "साहेब, बसा जरा. कणगरं उकडते, चहाबरोबर खाऊन जा," त्या म्हणाल्या. मी सहज टोपलीत हात घातला. बरेचसे कंद मोडलेले, बारीक रताळ्यासारखे. एक मात्र अख्खा होता, दोन बोटे फाकवावीत तसा. "आजी, चूल पेटवू नका. ही कळलावी आहे."

आजी हसल्या. "कळलावी म्हणजे गौरीचे हातच ना? त्याची फुलं तर मी दरसाल गौरीला वाहते!"

खरेच होते ते. फूल पन्नास वर्षे ओळखीचे, पण त्याचा कंद त्यांनी कधी पाहिला नव्हता. शेतकरी बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी पुष्कळांचे असेच असते, म्हणून हा लेख.

या वेलीला कळलावी, अग्निशिखा, खड्यानाग अशी नावे आहेत. काही ठिकाणी तिला बचनागही म्हणतात. पण काष्ठौषधींच्या दुकानातला खरा बचनाग ही हिमालयातली निराळी वनस्पती. ती निराळी असली तरी तीही विषारीच. संस्कृतात कळलावीला लांगली म्हणतात. लांगल म्हणजे नांगर. जुन्या लोकांनी कंदाचा आकार पाहूनच हे नाव दिले.

फुलाविषयी फार सांगायला नको, कारण आपल्या रानात तसे दुसरे फूल नाही. दोन-अडीच इंच लांबीच्या सहा पाकळ्या, कडा चुणीदार. फुलाचे तोंड जमिनीकडे आणि पाकळ्या मात्र उलट्या वळून आभाळाकडे, जणू चुलीतल्या ज्वाळा. उमलताना बुडाशी पिवळे आणि टोकाशी लाल, मग दोन-चार दिवसांत सगळेच लालभडक. खाली सहा पुंकेसर चहूबाजूंना पसरलेले, आणि स्त्रीकेसराची दांडी काटकोनात एका अंगाला वळलेली. ही वळलेली दांडी मुलांना अवश्य दाखवा, त्यांना मोठी गंमत वाटते.

पण फूल येते श्रावण-भाद्रपदात. त्याआधी आणि त्यानंतर ओळखायचे कसे? त्यासाठी पान पाहावे. पान भाल्याच्या पात्यासारखे लांबट, जवळजवळ बिनदेठाचे, शिरा एकमेकींना समांतर. मुख्य खूण टोकाशी. पानाचे टोक निमुळते होत होत त्याचाच ताणा बनतो आणि करवंदीच्या जाळीला किंवा कुंपणाच्या काटकीला वेढे घालतो. कणगर, करांदा यांच्या वेलींना असा ताणा नसतो. त्यांचे खोडच आधाराभोवती पिळे घेत वर चढते. करांद्याचे पानही रुंद, हृदयाच्या आकाराचे असते. एक सावधगिरी ठेवा. कळलावीच्या अगदी खालच्या पानांना पुष्कळदा ताणा नसतो, तेव्हा जूनमधल्या कोवळ्या कोंबावरून निकाल देऊ नका. वेल हातभर वाढू द्या.

पाऊस सरल्यावर हिरवी लांबट बोंडे धरतात. ती वाळून तीन फाकांनी उकलतात आणि आत लाल-शेंदरी गोल बिया दिसतात. लहान मुले त्या खेळायला घेतात. त्यांना घेऊ देऊ नये, कारण बियांतही विष आहे. पुढे वेल वाळून नाहीशी होते, कंद मात्र जमिनीत जिवंत राहतो. उन्हाळ्यात बांध खणताना वर काहीच खूण नसते आणि घोटाळा होतो तो इथेच.

अख्खा कंद ओळखायला सोपा. बोटाएवढ्या जाडीचे दोन फाटे कोनात जुळलेले आणि दोन्ही टोके निमुळती. कणगर लांबटगोल असतात आणि एका वेलीखाली झुपक्याने लागतात. पण कळलावीचा कंद ठिसूळ. कुदळ लागली की फाटे सुटतात आणि सुटा फाटा पाहून मीसुद्धा खात्रीने सांगू शकणार नाही. म्हणून हिरवी वेल पाहून खूण केलेल्या जागेखेरीज रानातला कंद घरात आणू नये. आपल्या बांधावर कळलावी कोठे आहे हे पावसाळ्यातच पाहून तेथे दगड रोवून ठेवावा.

यातल्या विषाचे नाव कोल्चिसिन. उकडून, शिजवून ते जात नाही. खाल्ल्यावर काही तास काहीच जाणवत नाही, मग घशात आग, उलट्या आणि पटकीसारखे जुलाब सुरू होतात. पुढे रक्त तयार होण्याची क्रिया मंदावते आणि माणूस वाचला तरी केस गळतात. तेव्हा लक्षणांची वाट पाहू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि उरलेला कंद डॉक्टरांना दाखवायला बरोबर न्या. बाळंतपण लवकर व्हावे म्हणून हा कंद देण्याची जुनी चाल होती, नाव त्यावरूनच पडले. ती चाल जिवावर बेतणारी आहे. कोणी कितीही जाणता सांगो, ऐकू नये. गुरांनाही हे विष बाधते, म्हणून खणलेले कंद बांधावर उघडे टाकू नयेत.

हेच कोल्चिसिन डॉक्टर अगदी बेताच्या मात्रेत संधिवाताच्या एका प्रकारावर देतात. पीकसुधारणेतही त्याचा उपयोग होतो. त्याने रोपातली गुणसूत्रे दुप्पट करता येतात आणि बिनबियांचे कलिंगड त्याच वाटेने आले. तामिळनाडूचे ते राज्यफूल, आणि तिकडे करूर, दिंडिगुल भागांत बियांसाठी कळलावीची शेती होते. तेव्हा भीतीपोटी वेली उपटून टाकू नका. फुले खुशाल घ्या, कंद जागच्या जागी राहू द्या, आणि फुले हाताळल्यावर हात धुवा.

आजींनी ती टोपली स्वतः परसात नेली, खोल खड्डा करून कंद पुरले आणि जागेवर एक मोठा दगड ठेवला. पुढल्या भाद्रपदात त्यांच्या नातवाने मला फोटो पाठवला. दगडाशेजारच्या मेढीवर चढलेली वेल आणि तिला नऊ फुले.